आधी नावं काढा, मग साठवा: रायटरमध्ये तयार मॅटर कसं ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिंदेवाहीकडे एका भावाने टायपिंग-झेरॉक्सचं दुकान टाकलंय. काम लिबरऑफिस रायटरवर करतो. ग्रामपंचायतीच्या नोटिसा, लग्नाच्या आणि तेरवीच्या पत्रिका, मंडईतल्या (म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेतल्या) नाटकांची पाम्प्लेटं अशी कामं येतात. दरवेळी जुनी फाईल उघडायची, ‘सेव्ह अ‍ॅज’ करायची आणि नावं बदलायची. यात वेळ जातो, चुकाही होतात. तेच ते मॅटर एकदा तयार करून हवं तेव्हा बोलावता येईल का? आणि पुढे वर्ड किंवा इनडिझाइनवर गेलो तर केलेली मेहनत फुकट जाईल का?

भाऊ, येतं बोलावता. रायटरमध्ये त्याला ऑटोटेक्स्ट म्हणतात. दोन-तीन अक्षरं टाइप करायची, एफ-३ दाबायचं, की अख्खी नोटीस समोर उभी राहते. कळ कशी दाबायची ते पाच मिनिटांत शिकून होतं आणि ते खाली सांगतोच. पण कळ दाबण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून आधी ते.

मी ब्रह्मपुरीला एका छापखान्यात ट्रेडल मशीनवर शिकलो. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवायची, स्टिक नावाच्या पट्टीत ओळ बसवायची, गॅली म्हणजे तबकात ठेवायची. ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे’ या ओळी आम्ही कधीच सोडत नव्हतो, म्हणजे त्यांचे खिळे सुटे करत नव्हतो. सुतळीने बांधून तशाच कपाटात ठेवायचो. त्याला स्टँडिंग मॅटर म्हणायचे. वराचं नाव, वधूचं नाव, गाव, तारीख मात्र छपाई झाली की लगेच सोडावं लागायचं, कारण खिळे मोजकेच. आजच्या लग्नातला ‘क्ष’ उद्याच्या लग्नाला लागणार. जुनं नाव साठवून ठेवण्याची सोयच नव्हती, म्हणून जुनं नाव नव्या पत्रिकेत जाण्याचीही सोय नव्हती.

संगणकावर खिळे संपत नाहीत. जुन्या फाईलमध्ये जुनी नावं जशीच्या तशी बसलेली असतात आणि ती काढण्याची जबाबदारी पूर्ण तुमच्या डोळ्यांवर येते. माझं दुकान वडशाला सुरू झालं तेव्हा मीही ‘सेव्ह अ‍ॅज’वरच काम करत होतो. एकदा एका घरच्या तेरवीच्या पत्रिका संध्याकाळी घाईत दिल्या. सकाळी दुकान उघडलं तर मोठा मुलगा गठ्ठा घेऊन पायरीवर बसलेला. बोलला एवढंच, “भाऊ, खाली पाहा. हे आमच्या बाबाचं नाव नाही आहे.” वर, मधे सगळं बरोबर होतं. खाली, ‘शोकाकुल परिवार’च्या वरच्या एका वाक्यात, त्या आधीच्या आठवड्यात वारलेल्या दुसऱ्याच माणसाचं नाव राहिलं होतं. मी पत्रिका पुन्हा छापून दिल्या, पैसे घेतले नाहीत. पण तो मुलगा रात्रभर काय विचार करत बसला असेल ते अजून डोक्यातून जात नाही. त्या दिवसापासून माझ्या दुकानात जुन्या पत्रिकेवरून नवी पत्रिका होत नाही.

म्हणून पहिला नियम: ज्यात कुणाचं नाव, गाव किंवा तारीख आहे असा मजकूर साठवायचाच नाही. आधी जागा रिकाम्या करायच्या, मगच साठवायचं.

दुसरी गोष्ट, तुकडा कुठे पाडायचा. नवीन माणूस अख्खं पान साठवतो, आणि पुढच्या वेळी अर्ध्या पानात खाडाखोड करत बसतो. मी असं बघतो: मजकुराचा कोणता भाग कोण बदलतं? जिथे बदलणारा माणूस बदलतो तिथे तुकडा तोडायचा.

नाटकाचं पाम्प्लेट घ्या, तुम्हाला पटकन लक्षात येईल. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचं काम अंगावर येतं. नाट्यमंडळाचं नाव, नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलाकारांची यादी हा भाग मंडळाचा. तो मोसमात एकदा ठरतो, फार तर एखादा कलाकार बदलतो. गावाचं नाव, आयोजक मंडळ, अध्यक्ष-सचिव, पटांगण कुठलं, हा भाग गावाचा. आणि तारीख, वेळ, तिकीट दर हा भाग त्या एका प्रयोगाचा. एकच नाटक पंधरा गावांत होतं आणि एकाच गावात तीन मंडळांची नाटकं होतात. अख्खं पान साठवलं तर तुम्हाला प्रत्येक जोडीसाठी वेगळी फाईल लागेल. तीन तुकडे केले तर मंडळाचा एक, गावाचा एक, प्रयोगाचा एक, असे तीनदा एफ-३ दाबून पान उभं राहतं. मंडळाच्या तुकड्यात कलाकारांची नावं राहतात, ती चालतात, कारण तो तुकडा त्या मंडळाचाच आहे आणि दुसऱ्या कुणासाठी उघडला जाणार नाही. मोसम संपला की तो मी काढून टाकतो.

आता प्रत्यक्ष कृती. ग्रामसभेच्या नोटिशीवर करून दाखवतो, कारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आधी हे काम सगळ्यांकडे एकदमच येतं.

कोऱ्या फाईलमध्ये नोटीस नीट टाइप करा. वर ‘ग्रामपंचायत कार्यालय’, खाली तालुका-जिल्हा, डावीकडे जा. क्र., उजवीकडे दिनांक. मग ‘महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ७ अन्वये’पासून ‘तमाम ग्रामस्थांना कळविण्यात येते की’ पर्यंतचं वाक्य. त्याखाली विषयसूची. यात पहिला विषय बहुतेक ठिकाणी मागील सभेचं कार्यवृत्त वाचून कायम करण्याचा आणि शेवटचा ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हा. हे दोन कायमचे. मधले विषय दरवेळी नवे, तिथे दोन-तीन रिकामे क्रमांक ठेवा. मात्र मजकूर स्वतःच्या मनाने रचू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) त्यांच्याकडचा चालू नमुना घ्या, त्यावरून करा आणि साठवण्याआधी त्यांना एकदा वाचून दाखवा. एकदा साठवलेली चूक दर सभेला छापली जाते.

आता रिकाम्या जागा. नुसती टिंबं किंवा रेघा टाकू नका. भरताना त्या मागेपुढे सरकतात आणि अर्धी टिंबं नावाला चिकटून राहतात. जिथे गावाचं नाव यायचं तिथे कर्सर ठेवा, कंट्रोल आणि एफ-२ दाबा. फील्ड्सची खिडकी उघडेल. तिथे ‘फंक्शन्स’ या पानावर ‘प्लेसहोल्डर’ निवडा, प्रकार ‘टेक्स्ट’, आणि नावाच्या चौकटीत ‘गावाचे नाव’ असं लिहून ‘इन्सर्ट’ करा. पानावर दोन टोकदार कंसांत ‘गावाचे नाव’ असं दिसेल. भरताना त्यावर एक क्लिक केलं की पूर्ण जागा निवडली जाते, तुम्ही टाइप करता आणि कंस आपोआप जातात. तारीख, वार, वेळ, ठिकाण, सरपंचाचं नाव, सगळीकडे असंच करा.

इथे एक सेटिंग जरूर पाहा. टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस रायटर, प्रिंट या पानावर ‘टेक्स्ट प्लेसहोल्डर’ अशी एक खूण आहे. ती लावलेली नसेल तर न भरलेली जागा छापताना कोरी येते आणि कोरं कुणाच्या नजरेत येत नाही. खूण लावलेली असेल तर राहिलेली जागा कंसासकट प्रूफवर छापून येते आणि गिऱ्हाईकही लगेच बोट ठेवतं. मला ते बोट ठेवलेलं हवं असतं.

जागा झाल्या की पूर्ण नोटीस सिलेक्ट करा आणि कंट्रोल आणि एफ-३ दाबा, किंवा टूल्समध्ये ऑटोटेक्स्टवर जा. ‘माय ऑटोटेक्स्ट’ हा गट निवडा. नावात ‘ग्रामसभा नोटीस’, शॉर्टकटमध्ये ‘गसन’ असं काहीतरी टाका. मग खालच्या ‘ऑटोटेक्स्ट’ बटणात ‘न्यू’ निवडा. ‘न्यू (टेक्स्ट ओन्ली)’ नको, त्यात मांडणी जाते. ‘न्यू’ दाबताच येत नसेल तर नाव लिहायचं राहिलं असेल किंवा मजकूर सिलेक्ट झाला नसेल. झालं. उद्या नव्या फाईलमध्ये ‘गसन’ लिहा, एफ-३ दाबा. लॅपटॉपवर बरेचदा एफ-३ सोबत एफएन कळही दाबावी लागते.

शॉर्टकटसाठी मी मात्रा आणि जोडाक्षरं टाळतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘गसन’ तीन कळांत होतं, ‘ग्रासनो’ला बोटं अडखळतात. आणि एकच पद्धत ठेवा: पहिलं अक्षर कामाचं, म्हणजे ग्रामपंचायतीचं सगळं ‘ग’ने सुरू, लग्नाचं ‘ल’ने, तेरवीचं ‘त’ने. तहकूब सभेची नोटीस ‘गतन’. चाळीस तुकडे झाल्यावर या पद्धतीची किंमत कळते.

नंतर सुधारणा करायची असेल तर त्याच खिडकीत तुकडा निवडून ‘एडिट’ करा. तो वेगळ्या फाईलसारखा उघडतो. बदल करा, फाईल मेन्यूतून ‘सेव्ह ऑटोटेक्स्ट’ करा आणि बंद करा.

लग्नपत्रिकेत आणखी एक अडचण असते. वराचं नाव एकाच पत्रिकेत तीन-चार ठिकाणी येतं. प्लेसहोल्डर ठेवले तर चारदा टाइप करावं लागेल आणि चौथ्या वेळी वेलांटी चुकेल. तिथे ‘यूझर फील्ड’ वापरा. कंट्रोल-एफ-२, ‘व्हेरिएबल्स’चं पान, ‘यूझर फील्ड’. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या. किंमत म्हणून सध्या ‘वराचे नाव’ असंच लिहा, प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा आणि चारही ठिकाणी तेच फील्ड टाका. नंतर कोणत्याही एकावर डबल-क्लिक करून खरं नाव भरलं की चारही जागी बदलतं. तेरवीच्या पत्रिकेत मी मृताचं नाव फक्त आणि फक्त असंच टाकतो. चुकलं तर सगळीकडे एकसारखं चुकेल आणि प्रूफ वाचताना पहिल्याच ओळीत दिसेल. खाली कोपऱ्यात दुसऱ्याचं नाव दडून राहणार नाही.

तारखेसाठी मात्र डेट फील्ड वापरू नका. ते दोन प्रकारचं असतं. एक टाकलं त्या दिवसावर थांबतं, दुसरं फाईल उघडाल त्या दिवसाची तारीख दाखवतं. दुसऱ्या प्रकारचं चुकून नोटिशीत गेलं आणि महिन्याभराने कुणी तीच नोटीस पुन्हा प्रिंट मागितली, तर कागदावर त्या दिवसाची तारीख येते. नोटिशीची तारीख ही कायद्याच्या कामाची गोष्ट आहे. ती हातानेच भरा.

सगळंच ऑटोटेक्स्टमध्ये घालू नका हेही सांगतो. एक-दोन शब्दांसाठी ऑटोकरेक्ट पुरतं: टूल्स, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, ‘रिप्लेस’चं पान. डावीकडे छोटं, उजवीकडे पूर्ण. ही यादी भाषेनुसार वेगळी असते, म्हणून वर भाषा मराठी निवडून मग टाका, नाहीतर मराठी मजकुरात ते चालणार नाही. पण इथे फार जपून. ऑटोटेक्स्ट तुम्ही एफ-३ दाबल्याशिवाय उघडत नाही, ऑटोकरेक्ट मात्र स्पेस दिला की न विचारता बदलतं. माझ्याकडे शिकायला असलेल्या एका मुलाने पत्रिकांच्या गर्दीत ‘वर’ या शब्दाला ‘ज्येष्ठ चिरंजीव’ लावून ठेवलं. लग्नसराई गेली, सोसायटीच्या कर्जाचा अर्ज टाइप करायला आला, आणि ‘वर नमूद केल्याप्रमाणे’चं ‘ज्येष्ठ चिरंजीव नमूद केल्याप्रमाणे’ झालं. बोलीत किंवा लिहिण्यात येतो असा कोणताही शब्द डावीकडे ठेवायचा नाही. ‘ता’, ‘जि’, ‘वर’, ‘सह’ हे तर अजिबात नाही.

आणि पानाचा आकार, समास, चौकट, स्टॅम्पपेपरसाठी वर सोडायची जागा हे सगळं ज्यात येतं ते टेम्प्लेट करा. फाईल, टेम्प्लेट्स, ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’. टेम्प्लेट उघडलं की नवी अनामिक फाईल येते, मूळ साचा तसाच राहतो. मी साचा टेम्प्लेटमध्ये आणि आतला मजकूर ऑटोटेक्स्टमध्ये ठेवतो.

आता फाँट. मराठीत काम करणाऱ्याला रायटर इथे सर्वात जास्त रडवतो. रायटर प्रत्येक स्टाइलमध्ये (म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या फाँट-साइजच्या मांडणीत) फाँटची दोन खाती ठेवतो, एक इंग्रजी लिपीचं आणि एक कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटचं. देवनागरी दुसऱ्या खात्यात येते. तुम्ही पहिल्या खात्यात फाँट बदलला, साइज वाढवली, ठळक केलं, तरी मराठीवर काही होत नाही. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा, तिथली भाषा मराठी ठेवा, आणि तुकड्याच्या स्टाइलमध्ये दुसऱ्या खात्यात फाँट ठरवा. स्टाइल्सची पट्टी एफ-११ ने उघडते.

स्टाइललाही स्वतःचं नाव द्या, उदाहरणार्थ ‘नोटीस मथळा’, ‘नोटीस मजकूर’. तुकडा नव्या फाईलमध्ये आला आणि त्या फाईलमध्ये त्याच नावाची स्टाइल आधीच असेल, तर फाईलमधली स्टाइल जिंकते. ‘डिफॉल्ट’ किंवा ‘हेडिंग १’ वापरून साठवलं की प्रत्येक फाईलमध्ये तुकडा वेगळा दिसण्याचं कारण हेच. स्वतःच्या नावाची स्टाइल तुकड्यासोबत येते आणि तशीच राहते.

तुमच्याकडे कृतिदेव किंवा श्रीलिपीतल्या जुन्या फाईली असतील तर त्यातलं मॅटर तसंच साठवू नका. तो मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो. तो फाँट नसलेल्या संगणकावर गेला की अक्षरांचा भुगा दिसतो. कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठीच दिसणारी अक्षरं) करा, मग रफार आणि जोडाक्षरं एकेक तपासा, कारण कन्व्हर्टर नेमका तिथे चुकतो. वेळ लागेल, पण एकदाच.

गणपतीचं, गजानन महाराजांचं किंवा तथागतांचं चित्र मथळ्यासकट साठवायचं असेल तर चित्राचा अँकर (चित्र मजकुराला कसं बांधायचं ते) ‘अ‍ॅज कॅरेक्टर’ करा आणि चित्राच्या आधी-नंतर निदान एकेक अक्षर असू द्या, नाहीतर चित्र तुकड्यात येणार नाही. आणि बौद्ध विवाहाच्या पत्रिकेचा मजकूर पूर्ण वेगळा तुकडा ठेवा. हिंदू पत्रिकेवरून शब्द बदलून ती करू नका. त्यातली संबोधनं, विधीचा उल्लेख, प्रार्थनेची ओळ सगळं वेगळं आहे आणि राहिलेला एक चुकीचा शब्द माणसाला लागतो.

साठवलेलं जातं कुठे, हे माहीत नसेल तर एक दिवस सगळं जाईल. विंडोजवर हे तुकडे डी ड्राइव्हवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये नसतात. यूझरच्या फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, लिबरऑफिस, ४, यूझर आणि मग ऑटोटेक्स्ट अशा आतल्या फोल्डरमध्ये ‘बीएयू’ नावाने संपणाऱ्या फाईली असतात. अ‍ॅपडेटा हा फोल्डर लपवलेला असतो. संगणक फॉरमॅट करणारा मुलगा डेस्कटॉप कॉपी करतो, डॉक्युमेंट्स कॉपी करतो, हा फोल्डर त्याच्या गावीही नसतो. माझे तीन वर्षांचे तुकडे असेच एका दुपारी गेले. त्यानंतर मी ऑटोटेक्स्टच्या खिडकीतलं ‘पाथ’ हे बटण वापरून डी ड्राइव्हवर एक फोल्डर जोडला आणि ‘कॅटेगरीज’मध्ये त्या फोल्डरवर नवा गट केला. आता तुकडे तिथेच जमतात, आणि महिन्यातून एकदा तो फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. दुकानात दोन संगणक असतील तर एकाच सामायिक फोल्डरचा पाथ दोन्हीकडे देता येतो.

तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेलात तर काय. ‘बीएयू’ फाईल वर्ड उघडणार नाही. म्हणून मी प्रत्येक गटाची एक साधी रायटर फाईलही ठेवतो, त्यात सगळे तुकडे एकाखाली एक. ती वर्डच्या स्वरूपात सेव्ह करून तिथे एकेक तुकडा पुन्हा साठवता येतो. वर्डमध्ये मजकूर सिलेक्ट करून ऑल्ट-एफ-३ दाबलं की ‘बिल्डिंग ब्लॉक’ची खिडकी येते. नाव द्या, नंतर ते नाव टाइप करून एफ-३. वर्ड बंद करताना बिल्डिंग ब्लॉक्समधले बदल सेव्ह करायचे का असं विचारलं तर होय म्हणा, नाही म्हटलं की त्या दिवसाचे तुकडे गेले.

इनडिझाइनमध्ये सिलेक्ट केलेल्या वस्तू सरळ ओढून डेस्कटॉपवरच्या फोल्डरमध्ये टाकल्या की स्निपेट तयार होतं. परत पानावर ओढलं की मजकूर, चौकट, रंग सगळं परत येतं. फक्त मराठीसाठी पॅरेग्राफ स्टाइलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडूनच स्निपेट करा, नाहीतर जोडाक्षरं फुटलेली साठतील. पेजमेकर ७ अजून चालवत असाल तर त्यात तुकडे साठवायची लायब्ररी पॅलेट आहे, मी तिच्यावर बरीच वर्षं काढली. पण २००१ नंतर त्या सॉफ्टवेअरची नवी मोठी आवृत्ती आली नाही आणि त्याला युनिकोड कळत नाही, म्हणून नवे तुकडे त्यात घडवू नका.

सुरुवात तेरवीच्या पत्रिकेपासून करा. ते काम नेहमी घाईत येतं, समोरचा माणूस प्रूफ वाचण्याच्या मनःस्थितीत नसतो, आणि मॅटर जेमतेम बारा ओळींचं असतं. एका निवांत दुपारी होईल. झालं की प्रिंट काढून भरायच्या जागा मोजा. मृताचं नाव, वय, निधनाची तारीख, तेरवीचा दिवस, वेळ, ठिकाण, परिवाराची नावं वगैरे. माझ्या साच्यात अशा नऊ जागा आहेत, आणि प्रूफ देताना मी त्या नऊ बोटाने मोजूनच देतो.